दाढी झाल्यावर तुरटी लावायची की नाही? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पावसाळ्यातल्या स्किनच्या तक्रारींबद्दल लिहिताना दाढीवर जेमतेम दोन ओळी होत्या, ज्याला तुरटी झोंबते त्याने ती रोज लावू नये एवढंच म्हटलं होतं, आणि त्यावर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवून या वेळचं सगळं सदर तुरटीलाच देतेय. काही पत्रं रागाची आहेत, आजोबांपासून चालत आलेली गोष्ट तुम्ही बंद करायला सांगता म्हणून. मी बंद करायला सांगत नाहीये. कशासाठी लावायची, कुठे थांबायचं आणि कुणाची तुरटी अजिबात तोंडाला लावून घ्यायची नाही, एवढंच सांगायचंय.

प्रश्न: मॅडम, माझे बाबा दाढी झाली की तुरटीचा खडा फिरवतात आणि मलाही तेच कर म्हणतात. मी ऐरोलीला आयटीत आहे, तिथले मित्र म्हणतात तुरटीने स्किन जळते, काळी पडते, त्यापेक्षा आफ्टरशेव्ह लाव. मी आठवड्यातून दोन-तीनदा दाढी करतो. नक्की काय करू?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: कापलं असेल तिथे लाव, कधीतरी सगळ्या दाढीवर हलका हात फिरवलास तरी चालेल, पण प्रत्येक वेळी अख्ख्या तोंडाला चोळायची गरज नाही. आता कारण सांगते.

तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अल्युमिनियमचं सल्फेट, आणि खड्याच्या वजनातलं निम्म्याच्या जवळ तर नुसतं पाणी असतं, स्फटिकात अडकलेलं. ओल्या गालावर खडा फिरवला की त्यातली थोडी विरघळते आणि तिच्यातलं अल्युमिनियम रक्तातल्या प्रोटीनला धरून त्याचा घट्ट थर करतं, त्याने छोट्या कापाचं तोंड बंद होतं, शिवाय आजूबाजूची कातडी आवळली जाते म्हणून रक्त लवकर थांबतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ गोळा होऊन खाली बसतो ना, तसंच काहीसं इथे रक्ताच्या थेंबात होतं. म्हणजे ब्लेडने बारीक कापलं तर तुरटी लावणं यात अंधश्रद्धा वगैरे काही नाही, बाबांचं तेवढं शंभर टक्के खरं आहे.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. आपल्या स्किनचा पीएच (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण पाचच्या आसपास असतो, दाढीचा साबण नऊ-दहाच्या घरात, आणि तुरटीचं पाणी तीन-साडेतीन. साबणानंतर तुरटी लावली की कातडी ताणल्यासारखी, स्वच्छ वाटते ती यामुळे. बरं वाटतं, मान्य, पण ब्लेडने आधीच स्किनचा वरचा पातळ थर खरवडलेला असतो, त्यावर इतकं आंबट आणि कातडी आवळणारं काहीतरी रोज लावलं तर कोरडेपणा येतो, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत आणि दिवसभर एसीत बसणाऱ्यांना. तेलकट कातडीवाल्याला काहीच होत नाही आणि कोरड्या कातडीवाल्याचे गाल सोलतात, त्यामुळे मित्राला काय झालं यावरून स्वतःचं ठरवू नकोस.

काळी पडते का? तुरटीने थेट नाही पडत. पण आपल्या भारतीय स्किनचा एक स्वभाव आहे, कुठेही आग झाली, लालसर झालं, की ते बरं होताना तिथे डाग ठेवून जातं. रोज झोंबत असताना रेटून तुरटी लावली, वरून दुपारच्या उन्हात बाईकवर फिरलास, तर महिन्या-दोन महिन्यांनी गळ्याजवळ काळपट दिसायला लागेल आणि सगळा दोष तुरटीवर जाईल.

आणि हे झोंबणं फार कामाचं असतं, ते सहन करून दाबू नकोस. तुरटी जिथे चरचरते तिथे ब्लेड जास्त वेळा फिरलंय किंवा जास्त दाबून फिरलंय असं समज. बहुतेकांना ते गळ्याच्या घाटीपाशी आणि जबड्याच्या कडेला जाणवतं, कारण तिथले केस वेगवेगळ्या दिशांना उगवतात आणि आपण हात एकाच दिशेने मारतो. पुढच्या वेळी त्या जागी हात हलका ठेव, उलटी दाढी तिथे करू नकोस. असं केलंस की बऱ्याचदा झोंबणं आपोआप कमी होतं. तुरटी म्हणजे माझ्या मते आपल्या हाताची परीक्षा घेणारी वस्तू आहे, तिचा हा उपयोग मला रक्त थांबवण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि तो फारसं कुणी सांगत नाही.

लावायची पद्धत: दाढी झाली की गार पाण्याने तोंड धुवायचं, खडा ओला करायचा, न दाबता एकदा फिरवायचा, अर्धा-एक मिनिट तसंच ठेवायचं आणि मग धुऊन टाकायचं. हे धुणं बहुतेक लोक विसरतात, तुरटी तशीच वाळू देतात आणि मग दिवसभर चेहरा खेचल्यासारखा होतो. धुतल्यावर टॉवेलने टिपून घे, पुसू नकोस, आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लाव.

आफ्टरशेव्हचं म्हणशील तर अल्कोहोलवालं लोशन पण झोंबतं आणि कोरडं करतं, आणि त्यातल्या सेंटची ॲलर्जी असणारे लोक मी बरेच बघते. बिनअल्कोहोलचा बाम असेल तर चांगला, पण तो मॉइश्चरायझरच आहे शेवटी, महागातला. तुरटी आणि अल्कोहोलवालं लोशन दोन्ही एकाच दिवशी मात्र नको. आणि पिंपल्ससाठी ॲडापलीन, ट्रेटिनॉइन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड लावत असशील, किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर ते संपेपर्यंत तुरटीला रजा, कारण त्या औषधांनी स्किन आधीच नाजूक झालेली असते.

प्रश्न: ताई, आमचे हे कळव्याला स्टेशनजवळच्या सलूनमध्ये दर रविवारी दाढीला जातात. तिथे दादा ब्लेड नवीन घालतात, ते मी स्वतः बघितलंय, पण तुरटीचा खडा एकच, सगळ्यांच्या तोंडावरून फिरतो. मी बोलले तर हे म्हणतात तुरटीने जंतू मरतात, काही होत नाही. तुम्ही काय म्हणाल?
— एक वाचक भगिनी, कळवा

उत्तर: तुम्ही बोललात ते अगदी योग्य बोललात आणि पुढच्या रविवारी परत बोला. या सगळ्या पत्रांमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या पत्राची वाटली.

आपल्याकडे ब्लेडबद्दल लोकांना बऱ्यापैकी कळलंय, वस्तऱ्यात नवीन अर्धं ब्लेड घातलं की नाही ते गिऱ्हाईक बघतं, विचारतं. पण मग तोच माणूस डोळे मिटून मान मागे टाकतो आणि ज्या खड्याने पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्याच्या कापावरचं रक्त टिपलं तोच खडा स्वतःच्या ताज्या कापावर फिरवून घेतो. मग नवीन ब्लेडचा उपयोग काय राहिला?

तुरटीने काही बॅक्टेरियांची वाढ कमी होते हे खरं, घामाचा वास कमी होतो तो त्यामुळेच. पण हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्ही असे रक्तातून पसरणारे व्हायरस खड्यावर फिरले की मरतात असं धरून चालणं धोक्याचं आहे. यातला हिपॅटायटिस बीचा व्हायरस तर शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि त्याला डोळ्यांना दिसेल एवढं रक्त लागत नाही. ज्याला तो झालाय त्यालाच कित्येकदा माहीत नसतं, वर्षानुवर्षं काही त्रास होत नाही आणि मग लिव्हर खराब झाल्यावर कळतं. सलूनवाल्या दादांना गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघून हे समजणं शक्यच नाही.

उपाय अगदी स्वस्तातला आहे. घरून छोटा खडा छोट्या डबीत घालून द्या, दाढी झाली की हे स्वतः फिरवतील किंवा दादा फिरवतील, आणि परत आणतील. लाज वाटायचं कारण नाही, स्वतःचा टॉवेल घेऊन जाणारे लोक आहेतच की. खडा न्यायचा कंटाळा असेल तर तुरटी लावू नका एवढं सांगायचं, कापलं असेल तिथे स्वच्छ टिश्यू दोन-तीन मिनिटं दाबून धरला तरी रक्त थांबतं. सलून चालवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना माझी मनापासून विनंती आहे, तुरटीचा चुरा करून ठेवा, प्रत्येक गिऱ्हाईकाला नव्या कापसावर चिमूटभर घेऊन लावा आणि तो कापूस टाकून द्या. गिऱ्हाईक वाढेलच.

आणि हिपॅटायटिस बीची लस मोठ्या माणसांनाही घेता येते. साधारणपणे तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. हल्लीच्या मुलांना ती सरकारी लसीकरणात मिळते, पण तुमच्या यांच्या वयाच्या बहुतेकांनी लहानपणी घेतलेली नसते. २०१८ पासून हिपॅटायटिससाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात सरकारी केंद्रांवर बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि उपचार मोफत होतात. इतकी वर्षं सलूनची तुरटी लावली असेल तर एकदा तपासून घ्यायला काहीच हरकत नाही. घाबरायचं नाही, फक्त तपासायचं.

प्रश्न: मी रबाळे एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे. प्लांटमध्ये तोंडाला घट्ट बसणारा मास्क लावायचा असतो म्हणून रोज क्लीन शेव्ह कंपल्सरी आहे. गळ्यावर लाल पुळ्या येतात, खाज येते. मित्राने तुरटी सांगितली, दोन आठवडे लावतोय, आणखी वाढलं. मेडिकलवाल्याने एक मलम दिलं त्याने चार दिवस बरं वाटलं, परत आलं.
— एक वाचक, घणसोली

उत्तर: आधी तुरटी बंद करा आणि ते मलम पण बंद करा. मलमाच्या ट्यूबवर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन किंवा बेटामेथासोन असं काही लिहिलंय का बघा, असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्याने लाली दबते म्हणून बरं वाटतं, आणि खाली जर नायटा असेल तर तो मस्त पसरत राहतो. दमट हवा, घाम, मास्कचा पट्टा, यात दाढीतला नायटा व्हायला वेळ लागत नाही. गोल चकत्यांसारखं पसरतंय का, घरात कुणाला मांडीत किंवा कमरेवर असं काही आहे का, हे बघा, आणि असेल तर डॉक्टरकडेच जा, घरी काही लावत बसू नका.

पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला दुसरीच शक्यता जास्त वाटते. केस खूप खालून कापला की त्याचं टोक धारदार होतं आणि वाढताना वळून परत कातडीतच घुसतं, शरीराला ते बाहेरून काहीतरी टोचल्यासारखं वाटतं आणि पुळी येते. कुरळ्या केसांच्या लोकांना हे जास्त होतं. यात जंतूंचा हात नसतो किंवा थोडाच असतो, त्यामुळे तुरटीने बरं होण्यासारखं त्यात काही नाहीच, उलट कातडी आवळून कोरडी होते आणि खाज वाढते.

चार-पाच ब्लेडवालं रेझर सोडा, एका ब्लेडचं घ्या. त्या जास्त ब्लेडवाल्यांत पहिलं ब्लेड केस ओढतं आणि मागचं कापतं, केस कातडीच्या आत जातो, आणि तुम्हाला नेमकं तेच नकोय. अंघोळीनंतर दाढी करा म्हणजे केस मऊ झालेले असतात, फक्त केसांच्या दिशेने हात मारा, कातडी ताणून धरू नका. ट्रिमरने अगदी बारीक ठेवून मास्क नीट बसतो का ते मात्र स्वतःच्या मनाने ठरवू नका, खुंट राहिले की मास्कच्या कडेतून गॅस आत येऊ शकतो, तिथे केमिकलशी खेळ नको. सेफ्टी ऑफिसरकडून फिट टेस्ट करून घ्या, आणि पुळ्यांचा त्रास खूपच असेल तर ज्या मास्कला तोंडावर सील लागत नाही, हुडसारखा डोक्यावरून येतो आणि आत हवा सोडतो, तसा मिळतो का ते डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट विचारा.

प्रश्न: घोडबंदर रोडला राहायला आल्यापासून दाढी नीट होत नाही, फेस येत नाही, नंतर तोंड पांढरट कोरडं पडतं. आधी डोंबिवलीला असं नव्हतं. तुरटी लावली तर फरक पडेल का?
— एक वाचक, कासारवडवली

उत्तर: नाही पडणार, कारण तुमचा प्रॉब्लेम बहुधा पाण्याचा आहे. तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळतात का ते विचारा. धरणाचं पाणी आपल्याकडे बऱ्यापैकी मऊ असतं, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, ते साबणाला धरतं, फेस होऊ देत नाही आणि जो चिकट पांढरा थर होतो तो तोंडावर बसतो. एका बाटलीत घरचं पाणी आणि दुसरीत आरओ फिल्टरचं पाणी घेऊन दोन्हीत साबणाचा तेवढाच तुकडा टाकून हलवा, लगेच कळेल. मग दाढीपुरतं मगभर आरओ फिल्टरचं पाणी घ्या, किंवा साबणाऐवजी दाढीचं जेल वापरा, त्यांच्यातल्या बऱ्याच जेलना जड पाण्याचा एवढा फरक पडत नाही. तुरटी टाकून बादलीतलं पाणी मऊ होईल असं कुणी सांगेल, ते होत नाही, तुरटीने गढूळपणा जातो, क्षार जात नाहीत.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. रील्समध्ये दाखवतात की तुरटी आणि गुलाबपाणी लावलं की अप्परलिपचे आणि हाताचे केस हळूहळू कायमचे जातात. आई म्हणते ट्राय कर, नॅचरल आहे. आणि अंडरआर्म्सला डिओऐवजी तुरटी चालेल का? त्यात अल्युमिनियम नसतं ना?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर: केस जात नाहीत. केसाचं मूळ कातडीच्या बरंच खाली असतं, वरून चोळलेली तुरटी तिथे पोचतच नाही. रोज चोळून ओठाच्या वर आग होते आणि मग काळी सावली राहते, आणि ती सावली घालवायला आमच्याकडे येणाऱ्या मुली मी बघते तेव्हा वाईट वाटतं, केस होते ते बरे म्हणायची वेळ येते. अप्परलिपला थ्रेडिंग कर, हरकत नाही. केस अचानक जास्त, जाड यायला लागले असतील, हनुवटीवर पण येत असतील आणि पाळी पुढे-मागे होत असेल, तर हार्मोन्सची तपासणी करून घे, आईला सांग मी सांगितलंय म्हणून.

अंडरआर्म्सला तुरटी चालेल, अंघोळीनंतर ओल्या कातडीवर एकदा फिरव. घाम थांबणार नाही फारसा, वास कमी होईल. ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत तेवढंही पुष्कळ आहे. शेव्ह किंवा वॅक्स केलं त्या दिवशी मात्र नको. अल्युमिनियमचं म्हणशील तर तुरटीतच अल्युमिनियम आहे, पाकिटावर काहीही लिहिलेलं असू दे. त्याला घाबरायचं कारण नाही, धड कातडीतून ते आत जातं ते अगदी नगण्य. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र रोज लावायच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न: बाबा ७४ वर्षांचे आहेत, मागच्या वर्षी स्टेंट टाकला, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना साध्या रेझरने दाढी करायची सवय. थोडं कापलं तरी रक्त थांबत नाही, तुरटी लावत बसतात, बनियन भरून जातं. काय करावं?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर: पहिलं म्हणजे, दाढीला कापतं म्हणून गोळ्या एक दिवसही बंद करायच्या नाहीत, त्यांना तसं करावंसं वाटेल, करू देऊ नका, स्टेंटमध्ये गुठळी होणं हे दाढीच्या कापापेक्षा कितीतरी भयंकर आहे.

तुरटी त्यांनी लावली तर चालेल पण आधी दाबायचं. स्वच्छ टिश्यू किंवा कापड कापावर ठेवून घड्याळ लावून पाच मिनिटं, मधे उघडून बघायचं नाही, बघितलं की जमलेली गुठळी निघते आणि परत पहिल्यापासून. रक्त कमी झालं की मग तुरटीचा ओला खडा त्या जागी टेकवून धरायचा, घासायचा नाही. मेडिकलमध्ये रक्त थांबवणारी स्टिप्टिक पेन्सिल मिळते, तिच्यातही तुरटी किंवा तिच्याच जातीचं अल्युमिनियमचं मीठ असतं, टोक बारीक असल्यामुळे नेमकं कापावर धरता येतं. ओठावर, कानशिलाजवळ जास्त रक्त येतं, तिथे हे सोपं पडतं. दहा-पंधरा मिनिटं नीट दाबूनही थांबलं नाही, किंवा हिरड्यातून, लघवीतून रक्त दिसलं, अंगावर काळे-निळे डाग उठले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा, गोळीचा डोस बघावा लागेल.

खरं तर त्यांना इलेक्ट्रिक शेव्हर आणून द्या. या वयात सवय बदलायला त्रास होतो हे मला माहितीये, म्हणून एकदम रेझर काढून घेऊ नका. पहिले काही दिवस शेव्हरने करा आणि हवं तर वरून साबण-ब्रश फिरवू दे, त्यांना दाढी केल्यासारखं वाटेल.

प्रश्न: जांभळी नाक्याला किराणा दुकानात मिळते ती तुरटी आणि ऑनलाइन मिळणारा गुळगुळीत पॉलिश केलेला ब्लॉक, यात काय फरक? आणि तुरटी खराब होते का?
— एक वाचक, खारकर आळी, ठाणे

उत्तर: काम दोन्ही तेच करतात. मात्र बाजारात दोन जाती येतात, एक पोटॅशियमची आणि एक अमोनियमची, दुसरी स्वस्त पडते. ओळखायचं असेल तर तुरटीचा थोडा चुरा, पानवाल्याकडचा चिमूटभर चुना आणि पाण्याचे चार थेंब एकत्र करा, अमोनियाचा उग्र वास आला तर अमोनियमची. नाक जवळ नेऊन हुंगू नका, हाताने हवा नाकाकडे ढकला. रक्त दोन्हींनी थांबतं, पण नाजूक कातडी असेल तर पोटॅशियमची घ्या, मी घरी तीच ठेवते.

नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, पण तिला पाणी लागतं फार लवकर, साध्या तापमानाला शंभर मिली पाण्यात चौदा ग्रॅमच्या आसपास विरघळते, म्हणून बेसिनवर पाण्याच्या थारोळ्यात ठेवलेला खडा बघता बघता छोटा होतो आणि त्याच्या कडा टोकदार होतात. वापरल्यावर धुवा, पुसा, भोकाच्या साबणदाणीत ठेवा. हातातून पडून फुटला तर तसाच तोंडाला लावू नका, काचेसारखी धार येते त्याला, वाहत्या पाण्याखाली धरून बोटाने कडा गोल होईपर्यंत चोळा.